ऑक्टोबरच्या आत

कुताइसीत, रिओनी नदीवरच्या पांढऱ्या पुलापासून
तिसरं दुकान माझं.
काचेवर लिहिलंय 'दुरुस्ती', आणि खाली,
अर्धं पुसलेलं, 'विचारून घ्या'.
गेले दोन महिने सगळे विचारायलाच येतात.

जुन्या सिस्टिमचा सपोर्ट संपतोय ऑक्टोबरात.
"संपतोय म्हणजे होणार काय?"
काही नाही, मी सांगतो, चालत राहील.
फक्त दाराला आतून कडी नसेल.
"कडी माझ्या घरालाही नाही," म्हणतो गोचा,
मधमाश्या पाळणारा,
आणि लॅपटॉप पिशवीत टाकतो परत.
कीबोर्डवर मेणाचे थेंब.

लामाराबाई वाइनच्या गोदामाचे हिशेब लिहितात.
जावयाच्या नादी लागून मागच्या हिवाळ्यातच केलं अपग्रेड.
"स्टार्टचं बटण कोपऱ्यातून उचलून मध्ये आणून ठेवलं मेल्यांनी!
अंधारात दिव्याचं बटण सापडावं
तसा हात जायचा माझा.
आता रोज भिंत चाचपते."
मी ते परत कोपऱ्यात नेलं. अर्ध्या मिनिटाचं काम.
पैसे नको म्हटलं,
तर द्राक्षरसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची माळ
ठेवून गेल्या काउंटरवर.

दातांचे डॉक्टर अवतांदिल बसतच नाहीत, उभ्यानंच बोलतात.
त्यांचं एक्स-रे मशीन फक्त जुन्याशी बोलतं,
नव्याला ओळखही देत नाही.
"नवं मशीन घ्यायचं तर
पेशंटांचे धड दातसुद्धा उपटावे लागतील."

साबा, माझा शिकाऊ, एकोणीस वर्षांचा,
पेचकस कानावर अडकवून हसतो सगळ्यांना.
नवं बघा किती झटपट उघडतं,
खिडक्यांचे कोपरेसुद्धा गोल झालेत.
नव्याचे नऊ दिवस, मी म्हणतो.
तो म्हणतो, मग ते नऊ तरी घ्या ना.

शाळेतल्या नानुली बाईंचे अकरा कॉम्प्युटर,
अकराही नापास. प्रोसेसर जुना.
"चालतात की धडधाकट," त्या म्हणाल्या,
मग जरा थांबून,
"मलाही असंच पत्र आलंय शाळेकडून."
यावर साबाही काही बोलला नाही.

माझं मत कुणी विचारलं तर
मी आधी गिऱ्हाइकाचा चेहरा बघतो.

आणि मंगळवारी त्सियाला आली,
त्स्काल्तुबोहून मिनीबसनं,
शालीत बांधलेला जडशीळ डबा मांडीवर घेऊन.
चालू केला, तर पडद्यावर: स्वागत आहे, नोदार.
मला कळलं. मी आवाज खाली आणला.
काळजी करू नका, म्हटलं,
फोटो, पत्रं, त्यांचं नाव, सगळं जसंच्या तसं राहील.

"नावही राहील? मग तुझ्याकडे आणलं कशाला?"

चार वर्षं झाली त्याला जाऊन.
"वीजबिल मी भरते.
इटलीतल्या नातीशी मी बोलते.
गुडघ्याच्या गोळ्या कुठे स्वस्त, ते मी शोधते.
आणि रोज सकाळी स्वागत त्याचं!"

सदतीस टक्क्यांवर अडकलं.
स्टुलावर बसून ती आकड्याकडे बघत राहिली.
"तोही असाच. अर्ध्यावर थांबायचा,
आणि मला वाटायचं, विचार करतोय."

साबानं चहा आणला. एक्केचाळीस. अठ्ठ्याऐंशी.
मग एकदाचा पडदा निळा झाला आणि विचारलं त्यानं:
तुमचं नाव?

तिनं हातमोजा काढला.
एका बोटानं पाच अक्षरं,
चौथं चुकलं, पुसलं, पुन्हा दाबलं.

स्टार्टचं बटण मध्ये आलंय हं, मी बिचकत म्हटलं,
हवं तर कोपऱ्यात नेऊन देतो.

"राहू दे. तो कोपरा त्याचा होता."

पासवर्डच्या वेळी तिनं आम्हा दोघांना
भिंतीकडे तोंड करायला लावलं.
काचेतून पूल दिसत होता.
पुलावरून गोचा येत होता परत,
पिशवी काखेत मारून.